ताई, ती बाटली फेकू नका

या आठवड्याचं पत्र नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातून आलं आहे. नाव-गाव काढून, थोडं आखडतं करून देते आहे.

"ताईंना नमस्कार. आमच्याकडे दोन जर्सी गायी अन् एक म्हैस आहे. शेती कोरडवाहू, महिन्याचा खर्च दुधावरच चालते. दिवाळी झाल्यावर मोठ्या गायीला दगडी (कासेचा दाह) झाली. आमचे चुलत दीर बाजाराच्या गावी ढोरांच्या दवाईचं दुकान चालवतात. त्यांनी सुईची बाटली दिली अन् पाजायच्या औषधाचा एक डबा. गावातला सुया टोचणारा पोरगा चार-पाच दिवस येऊन टोचून गेला. गुण काही आला नाही. एक सड पार आटला, दुसऱ्यातून गाठी येऊन राहिल्या.

मग मुलीनं बाटली पाहिली तर तारखेचा कागद वरून चिकटवलेला. नखानं उचकटला तर खाली दुसरीच तारीख, ती कधीचीच उलटून गेलेली. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, वरून जसा माल आला तसा दिला, मी काय घरी बनवतो का? बिल मागितलं तर म्हणाले, घरच्या माणसाला कसलं बिल. आमची त्यांच्याकडे उधारी आहे. आमच्या घरचे म्हणतात, गाय गेली तर जाऊ दे, नातं नको जायला. बाजूच्या तालुक्यात औषधवाले साहेब येऊन चुकीच्या लेबलचा माल घेऊन गेले असं ऐकलं. मग आमच्याकडे का येत नाहीत? तक्रार केली तर भाऊजी जेलात जातील का? अन् त्या दिवसांचं दूध डेअरीला गेलं, ते मनातून जात नाही. बाटलीचे, डब्याचे फोटो पाठवते आहे. बाटली घरात ठेवायची भीती वाटते, फेकून देऊ का?"

ताई,

आधी गायीचं बघू. तक्रार दोन दिवस उशिरा गेली तरी निभावेल, कासेचं दुखणं तेवढं थांबणार नाही. दुसऱ्या सडातून गाठी येताहेत म्हणजे आजार अजून आत चालू आहे. आजच जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन लावा, नाहीतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांना गाठा. बाटली आणि डबा दोन्ही त्यांना दाखवा. कोणती सुई केव्हा सुरू केली, किती दिली, हे सगळं सांगा, काही लपवू नका. सुया टोचणाऱ्या मुलाला आता परत बोलावू नका. तो मनाने चांगला असेल, पण कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं हे त्याला कळायला काही साधन नाही, आणि तुमच्या गायीजवळ अंदाजाने घालवायला वेळ उरलेला नाही.

दुधाची तपासणी करून घ्यायचा आग्रह धरा. आजारी सडाचं टोक धुऊन, कोरडं करून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, पहिल्या काही धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकायच्या आणि मग निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यायचा. डॉक्टर तो घेऊन देतील. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ सालचं, आणि जनावरांच्या विद्यापीठाचं मुख्यालयही आपल्याच शहरात आहे. असा नमुना बर्फात ठेवून तिथे नेला तर त्यातले जंतू वाढवून कोणतं प्रतिजैविक त्यांना मारतं ते पाहता येतं. मुदत संपलेलं किंवा अर्धवट ताकदीचं प्रतिजैविक चार-पाच दिवस टोचलं गेलं असेल तर मरायचे ते जंतू मेले आणि चिवट ते शिल्लक राहिले असण्याची शक्यता असते. म्हणून पुढची सुई तपासणीवरून ठरावी, असं मी म्हणते आहे. आटलेला सड बहुधा परत येणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. दुसरा वाचवायचा आहे. त्या गायीची धार सगळ्यात शेवटी काढा, गाठींचं दूध गोठ्यात जमिनीवर सांडू नका आणि वासराला पाजू नका.

आता डेअरीला गेलेल्या दुधाचं. तुम्ही हे स्वतःहून लिहिलंत. फार थोडे लोक लिहितात.

दुभत्या जनावराला औषध दिलं की ते काही दिवस दुधात उतरतं. किती दिवस दूध वापरायचं नाही, हे औषधाच्या लेबलवर छापलेलं असावं असा नियम २०१२ पासून आहे. त्या औषधासाठी असे दिवस अभ्यासाने ठरलेले नसतील तर दूध आणि अंड्यांसाठी कमीत कमी सात दिवस, मांसासाठी अठ्ठावीस दिवस धरावेत, असंही त्याच नियमात आहे. तुमच्या बाटलीवर ही ओळच नाही. म्हणून शेवटच्या सुईपासून सात दिवस मोजा आणि तोवर त्या गायीचं दूध बाजूला काढा. नवं औषध सुरू झालं की डॉक्टरांना विचारून पुन्हा नव्याने मोजा. डेअरीच्या संकलन केंद्रावर जाऊन सचिवांना सांगा की अमुक तारखांना या गायीला सुया चालू होत्या. ते दूध आता परत आणता येणार नाही. पण प्रतिजैविक उतरलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही हे डेअरीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे तुमचं सांगणं त्यांना विचित्र वाटणार नाही. दोष कोणाचा, हे विचाराल तर तो आधी त्या लेबलचा आहे. बाटलीत नक्की काय आहे आणि ते किती दिवस दुधात राहतं, हे लेबलनेच लपवलं असेल तर गोठ्यात राबणाऱ्या बाईने ते कुठून ओळखायचं? जनावरांच्या औषधाचं खोटं लेबल ढोरापुरतं राहत नाही. ज्या घरात ते दूध जातं तिथल्या लहान मुलापर्यंत ते पोचतं. एवढ्यासाठीच मी या पत्राला पूर्ण जागा दिली आहे.

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले.

बाटली तीस मिलीची. मुलीने उचकटलेला कागद पांढरा, मूळ लेबलच्या कागदापेक्षा किंचित पिवळट, आणि त्याची एक कड सरळ कापलेली नाही. त्यावरचा तारखेचा छाप शाईचा आहे. खालचा मूळ छाप मात्र लेबल छापतानाच आलेला. बॅच नंबर दोन्हीकडे एकच. म्हणजे माल तोच, फक्त तारीख बदललेली. उत्पादकाच्या नावाखाली पूर्ण पत्ता नाही, नुसतं गावाचं नाव आहे. उत्पादन परवान्याचा क्रमांक कुठेही दिसत नाही. जनावरांच्या औषधावर पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र आणि 'माणसांच्या वापरासाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' असं ठळक छापायलाच लागतं. तुमच्या बाटलीवर ते वाक्य आहे, चित्र नाही.

डब्याचं प्रकरण वेगळं आहे, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं, कारण असे डबे गावोगावच्या कपाटांत सर्रास दिसतात. पुढच्या बाजूला भरल्या कासेची गाय, आणि खाली लाल अक्षरांत 'दगडीवर खात्रीचा इलाज, तीन दिवसांत फरक'. मागे, तळाशी, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा अक्षरांत 'पशुखाद्य पूरक, औषधी वापरासाठी नाही'. पुढे औषध आणि मागे खाद्य. औषधाचा परवाना काढायचा नाही, औषधाची तपासणी टाळायची, आणि विकायचं मात्र औषध म्हणून. खनिज मिश्रणं, जीवनसत्त्वं यांना माझा विरोध नाही, चांगल्या गोठ्यात ती लागतातच. पण आजार बरा करतो असं छापलं की गोष्ट बदलते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आहे. माणसांच्या किंवा जनावरांच्या आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध यासाठी वापरायचा पदार्थ म्हणजे औषध, अशी त्याची व्याख्या आहे. जनावरं त्यात पहिल्यापासून धरलेली आहेत. ढोरांची दवाई म्हणजे दुय्यम दर्जाची, तिला कोण विचारतो, हा समज दुकानदारांचा आहे, कायद्याचा नाही.

त्याच कायद्यात खोटेपणाचे प्रकार वेगवेगळे धरले आहेत, आणि तक्रार लिहिताना तुम्हाला त्याचा उपयोग होईल. लेबल ठरलेल्या पद्धतीचं नसेल, किंवा त्यावर खोटा अथवा दिशाभूल करणारा दावा असेल, तर ते मिथ्याछाप औषध. दुसऱ्याच्या नावाने किंवा अस्तित्वात नसलेल्या कंपनीच्या नावाने विकलेलं, किंवा मूळ औषधाच्या जागी भलतंच भरलेलं, ते बनावट औषध. शिक्षेत फार फरक आहे. बनावट औषध बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत, आणि दंड किमान तीन लाख. परवान्याशिवाय विक्री केली तर तीन ते पाच वर्षं आणि किमान एक लाख. नुसत्या लेबलच्या चुकीला साधारण एक ते दोन वर्षं आणि किमान वीस हजार. तुमची बाटली यांपैकी कशात बसते हे फोटोवरून मी ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये. ते प्रयोगशाळा ठरवेल. तक्रारीत 'बनावट औषध विकलं' असं लिहू नका. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा.

साहेब आपल्याकडे का येत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. माणसाच्या औषधाने गुण आला नाही तर माणूस बोलतो. ढोराला गुण आला नाही तर आपण म्हणतो, ढोराचं नशीब. तक्रारच जात नाही. त्यात ही औषधं बियाणं-खतांच्या दुकानात, बाजारात, पिशवी घेऊन फिरणाऱ्या एजंटाकडेही मिळतात. औषध निरीक्षकांनी किती ठिकाणी पोचायचं? ही सबब मी त्यांच्यासाठी देत नाही. खोट्या दाव्याचे डबे उघड्या कपाटात मांडलेले असतात, ते पाहायला कोणाच्या तक्रारीची वाट बघायची गरज नसते. पण तुमच्या हातात बॅच नंबर असलेली बाटली आहे, आणि अशा एका नंबरवरून तपास कुठवर जातो याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कळमेश्वरला सरकारी रुग्णालयातल्या प्रतिजैविक गोळ्या तपासल्या गेल्या तेव्हा त्या खोट्या निघाल्या. तिथून तपास राज्याबाहेर गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी सुमारे बाराशे पानांचं आरोपपत्र दाखल केलं. गोळ्यांमध्ये टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं, आणि त्या हरिद्वारच्या एका जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत बनल्या, असा आरोप त्यात आहे. माणसांचं औषध आणि ढोरांचं औषध यांच्यातली भिंत खोटं करणाऱ्यांसाठी नसतेच, हे त्या प्रकरणात दिसलं.

आता भाऊजी. पत्रात सगळ्यात जड झालेला भाग हाच आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

दुकानदाराकडे खोटं औषध सापडलं म्हणजे तो आपोआप गुन्हेगार ठरतो, असं कायदा म्हणत नाही. कलम १९ मध्ये त्याच्यासाठी स्पष्ट वाट ठेवलेली आहे. माल परवानाधारक उत्पादक, वितरक किंवा विक्रेत्याकडून घेतला होता, त्यात खोट आहे हे माहीत नव्हतं आणि रास्त काळजी घेऊनही कळलं नसतं, आणि माल नीट साठवून आला तसाच विकला, एवढं त्याने सिद्ध केलं तर तो सुटतो. कलम १८-अ प्रमाणे मात्र त्याला माल कोणाकडून घेतला ते निरीक्षकांना सांगावं लागतं. थोडक्यात, भाऊजी म्हणाले की वरून जसा आला तसा दिला, ते खरं असेल तर त्यांचं संरक्षण त्यांच्या खरेदीच्या बिलात आहे. आणि तुम्हाला बिल न देण्याची सवय त्यांनाच अडचणीत आणणारी आहे. बॅच नंबर लिहिलेली बिलं मागे-पुढे जुळली तर बोट वितरकाकडे जाईल, त्याच्याकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून कारखान्याकडे. बिलं नसतील तर साखळी तुटते आणि तुटते तिथे जो उभा असतो तो पकडला जातो. बहुतेक वेळा तो गावातला छोटा दुकानदार असतो.

बिलं नसतील, परवाना नसेल, किंवा तो पांढरा कागद त्यांनीच चिकटवला असेल, तर मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मग त्यांना उत्तर द्यावं लागेल, आणि द्यायलाच हवं. त्यांच्याकडून तीच बाटली नेलेली दुसरीही घरं असतील. त्यांचीही ढोरं आहेत.

आधी भाऊजींना सांगायचं की आधी तक्रार करायची? यावर माझं मत काहींना कठोर वाटेल. आधी तक्रार द्या आणि त्याच दिवशी संध्याकाळी, तुम्ही दोघं नवरा-बायको जाऊन, भाऊजींना तोंडावर सांगा. आधी सांगितलं तर घाबरून ते उरलेल्या बाटल्या वितरकाला परत करतील किंवा नष्ट करतील, आणि त्यांना स्वतःला वाचवणारा पुरावाही त्याबरोबर जाईल. मागून, कोणा तिसऱ्याकडून कळलं तर नातं खरंच तुटेल. म्हणून तोंडावर सांगा. असं म्हणा की भाऊजी, या बॅचची तक्रार आम्ही दिली आहे, उरलेला माल विकू नका, परत पाठवू नका, कपाटात वेगळा ठेवा, आणि वरच्या पार्टीची बिलं शोधून काढा. त्यांना राग येईल. येऊ द्या, त्या रागात वाद घालू नका.

उधारीचा विषय यात मिसळू नका. किती रक्कम आहे ती दोघांनी मिळून कागदावर लिहा आणि हप्ते ठरवा. पुढच्या औषधपाण्यासाठी, ढेपेसाठी हातात पैसा हवा असेल तर पशुपालनासाठीही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, २०१८-१९ पासून. बँकेत त्याची चौकशी करा. उधारी डोक्यावर असलेल्या गिऱ्हाईकाला बिल मागायचं धाडस होत नाही, आणि खोटा माल नेमका अशाच गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातो.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर विभागीय कार्यालयात द्यायची, औषध विभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावाने. १८०० २२२ ३६५ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे, तिथे फोनवरही सांगता येतं, पण लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्ज एका पानाचा पुरे. औषधाचं नाव, बॅच नंबर, वरची तारीख, कागदाखालची तारीख, उत्पादकाचं छापलेलं नाव, कुठून आणि केव्हा घेतलं, गायीला काय झालं. डब्यावरच्या दोन्ही बाजूंचे शब्द जसेच्या तसे उतरवा. फोटो जोडा. दवाखान्यातला उपचाराचा कागद मिळाला की त्याची प्रतही द्या. आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती त्यातच लिहा.

पोलीस ठाण्यात जाऊन या कायद्याखाली गुन्हा नोंदवा म्हणाल तर ते परत पाठवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे की औषध कायद्याच्या या गुन्ह्यांत पोलिसांनी एफआयआर नोंदवायचा नाही, ते काम औषध निरीक्षकांचं. फसवणुकीचा गुन्हा वेगळा, तो पोलीस बघू शकतात.

बाटली फेकू का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता लक्षात येईल. फेकू नका. उरलेलं औषध ओतूनही टाकू नका. बाटली, उचकटलेला कागद, डबा, सुईचं खोकं असेल तर तेही, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. कागद परत चिकटवायचा प्रयत्न करू नका. उघडलेल्या बाटलीवर मात्र खटला उभा राहणं कठीण असतं. निरीक्षक दुकानात जाऊन त्याच बॅचच्या सीलबंद बाटल्या घेतील, त्यांची किंमत देतील, नमुन्याचे भाग करून प्रत्येकावर सील लावतील. दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे साधारण चार भाग होतात. एक दुकानदाराकडे राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी आणि एक, दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतल्याचं सांगितलं त्याच्यासाठी. उरलेला साठा वीस दिवसांपर्यंत विकू नका, असा लेखी आदेशही त्यांना देता येतो. या कामासाठी बॅच नंबर ताजा असताना पोचणं महत्त्वाचं, कारण माल विकून संपला तर घ्यायला काही उरत नाही. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर दुकानदाराला किंवा त्याने नाव सांगितलेल्या माल देणाऱ्याला अहवाल मिळाल्यापासून अठ्ठावीस दिवसांत तसं कळवता येतं, मग न्यायालय तो नमुना केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवू शकतं. म्हणजे भाऊजींनाही आपली बाजू मांडायची पूर्ण संधी आहे, हे घरच्यांना सांगा.

त्याच औषधाची एखादी न फोडलेली बाटली तुमच्याकडे असेल तर कलम २६ खाली तुम्ही स्वतः शुल्क भरून ती सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. हा हक्क कोणाही खरेदीदाराला आहे. फार कमी लोक तो वापरतात.

फोटोत कोपऱ्यात आणखी एक लहान बाटली अर्धी दिसते आहे. ताप उतरायची किंवा सूज कमी करायची सुई असावी. तिचं नाव वाचा. डायक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक किंवा निमेसुलाइड असेल तर ते जनावरांना द्यायचं नाही, या औषधांवर जनावरांसाठी बंदी आहे. डायक्लोफिनॅकवर ती २००६ पासून आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं डायक्लोफिनॅक इंजेक्शन तीन मिलीच्या एका डोसापुरतं केलं गेलं. आपल्या पेंचच्या जंगलात २०२४ मध्ये गिधाडं आणून ठेवली आहेत. दुखण्यावर मेलोक्सिकॅमसारखं औषध मिळतं, डॉक्टरांना तेच मागा. त्या बाटलीवरही वरून कागद चिकटवलेला असेल तर तिचाही उल्लेख अर्जात करा.

तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. गाय गेली तर जाऊ दे, असं म्हणणारा माणूस नात्यासाठी मोठं नुकसान सोसायला तयार आहे. ते मन मला समजतं. पण या तक्रारीत त्यांच्या भावावर आरोप नाही, एका बॅचची माहिती आहे. ती माहिती दडवली तर पुढच्या वेळी तीच बाटली भाऊजींच्याच हातून दुसऱ्या कोणाच्या घरी जाईल, आणि ते घर नात्यातलं नसेल.

भरपाई मागायची की नाही हे नंतर ठरवा, घाई नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. तुमचा दुधाचा धंदा आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कोणी म्हणालं तर सांगा की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्या कारणावरून वगळलेली नाही. बिल नसलं तरी फोनवरून पैसे भरल्याची नोंद, भाऊजींशी झालेले मेसेज, डेअरीच्या वहीतला दुधाचा घटलेला आकडा, हे सगळं आत्तापासून जपून ठेवा. भरपाई वितरकाकडून आणि उत्पादकाकडून मागता येते, भाऊजींवर सगळं टाकायची गरज नाही.

अर्जाची पोच मिळाली की तिचा क्रमांक मला कळवा. महिना-दीड महिन्यात काहीच हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात विचारू. दहा रुपयांचा अर्ज, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तो कसा लिहायचा ते मी तुम्हाला पाठवीन. आणि दुसऱ्या सडाचं काय झालं, तेही लिहा.